सौंदर्यशस्त्रक्रिया : दुरुस्तीची जबाबदारी कोणाची?

शिंप्याने पोलके बिघडवले तर गिऱ्हाईक ते त्याच्यापुढे टाकते, दोन शब्द सुनावते आणि उसवून पुन्हा शिवून घेते. कापड वाया गेले असेल तर त्याची भरपाईही मागते. या व्यवहारात कोणाला संकोच वाटत नाही, आणि पोलके शिवायला टाकलेच कशाला, असे गिऱ्हाइकाला कोणी विचारीत नाही. परंतु बिघडली ती वस्तू म्हणजे स्वतःचे शरीर असेल, आणि हात शिंप्याचा नसून शल्यविशारदाचा असेल, तर हाच साधा व्यवहार विलक्षण अवघड होऊन बसतो. स्तनांचा आकार वाढवण्यासाठी, कमी करण्यासाठी किंवा सुडौल करण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतलेल्या आणि तिच्या परिणामाने असमाधानी राहिलेल्या स्त्रियांची अवस्था नेमकी अशी आहे. दाद मागायची ती कोणाकडे, किती मुदतीत आणि कशाच्या आधारावर, याचे स्पष्ट उत्तर शस्त्रक्रियेपूर्वी क्वचितच दिले जाते. आणि नंतर ते शोधण्याची वेळ येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

हा मूठभर चैनखोरांचा प्रश्न आहे, असे म्हणून तो बाजूला सारण्याचा मोह अनेकांना होईल. वस्तुस्थिती तशी नाही. जड स्तनांमुळे मान आणि पाठ यांच्या दुखण्याने वर्षानुवर्षे हैराण झालेली शिक्षिका, दोन बाजूंतील ठळक फरकामुळे कॉलेजच्या वयापासून अंग चोरून वावरणारी मुलगी, कर्करोगात एक स्तन गमावलेली गृहिणी आणि केवळ आपण अधिक चांगले दिसावे म्हणून साठवलेले पैसे खर्च करणारी नोकरदार तरुणी, या सर्वजणी शेवटी एकाच शस्त्रक्रियागृहाच्या दारातून आत जातात. शहरांतून आता ही शस्त्रक्रिया मासिक हप्त्यांवरही मिळते. म्हणजे मध्यमवर्गाच्या अंदाजपत्रकात तिने केव्हाच प्रवेश केला आहे. हेतू योग्य की अयोग्य, याचा निवाडा करण्याचा अधिकार शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाही. हेतू कोणताही असला तरी भूल तीच असते, टाके तेच असतात आणि धोकाही तोच असतो.

साठ वर्षांचा अनुभव

सिलिकॉनची पिशवी बसवून स्तनांचा आकार वाढवण्याची पहिली शस्त्रक्रिया १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या दोन शल्यविशारदांनी केली. जिच्यावर ती झाली ती स्त्री रुग्णालयात गेली होती ती अंगावरचे गोंदण काढून घेण्यासाठी. तिला स्वतःला खटकत होते ते आपले पुढे आलेले कान. नवी शस्त्रक्रिया तिला सुचवली ती डॉक्टरांनी. गरज कोणाची आणि सूचना कोणाची, हा प्रश्न या शास्त्राला असा जन्मापासूनच चिकटलेला आहे.

पुढील तीस वर्षांत ही पिशवी, जिला सर्वत्र ‘इम्प्लांट’ म्हणतात, लक्षावधी स्त्रियांच्या शरीरात गेली. मग तक्रारी वाढल्या, खटले उभे राहिले. १९९२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिलिकॉनच्या इम्प्लांटचा सौंदर्यासाठी होणारा सर्वसाधारण वापर थांबवला. १९९५ मध्ये डाऊ कॉर्निंग या बड्या उत्पादक कंपनीने दाव्यांच्या ओझ्याखाली दिवाळखोरीचा आश्रय घेतला. २००६ साली बंदी उठली. या वादात सर्वांत गाजला तो संधिवातासारख्या शरीरभर पसरणाऱ्या व्याधींचा आरोप. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ साली उपलब्ध संशोधनाची छाननी केली, तेव्हा त्या आरोपाला पुरेसा आधार तिला सापडला नाही. परंतु त्याच अहवालात दुसरा एक निष्कर्ष होता आणि त्याकडे वृत्तपत्रांचे लक्ष फारसे गेले नाही. इम्प्लांटभोवती होणारे स्थानिक बिघाड आणि त्यांपायी पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया, हाच सुरक्षिततेचा मुख्य प्रश्न आहे, असे अहवालाने म्हटले होते.

हा निष्कर्ष आजही तितकाच खरा आहे. शरीर परक्या वस्तूभोवती स्वतःचे आवरण तयार करते. काही स्त्रियांत हे आवरण आकसते, कठीण होते, स्तन दगडासारखा लागतो आणि दुखतो. कधी पिशवी जागेवरून सरकते, कधी दोन बाजूंत फरक पडतो, कधी जंतुसंसर्ग होतो. कधी पिशवी आतल्या आत फाटते आणि सिलिकॉन घट्ट असल्यामुळे ते बाहेरून कळतही नाही. सौंदर्यासाठी इम्प्लांट बसवलेल्या स्त्रियांपैकी पाचांत एकीला दहा वर्षांच्या आत ते काढावे लागते, असे अमेरिकी प्रशासनाने २०११ साली जाहीर केले; कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेत हे प्रमाण दोघींत एक इतके आहे. इम्प्लांट ही आयुष्यभर टिकणारी वस्तू नव्हे, हे प्रशासनाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. २०२१ साली तर वेष्टनावर ठळक इशारा छापणे आणि शस्त्रक्रियेपूर्वी धोक्यांची यादी रुग्णाबरोबर एकेक कलम वाचून तीवर सही घेणे सक्तीचे करण्यात आले.

याचा सरळ अर्थ असा की, पहिल्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेणारी स्त्री पुष्कळदा नकळत दुसरीचाही निर्णय घेत असते. पहिलीची किंमत तिला सांगितली जाते. दुसरीची किंमत आणि ती कोणी भरायची, हे मात्र अध्याहृत ठेवले जाते. सर्व असमाधानाचे मूळ येथे आहे.

फ्रान्समधील धडा

दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, या प्रश्नाने एका संपूर्ण खंडाला कसे कोंडीत पकडले, हे फ्रान्समधील प्रकरणात दिसून आले. तूलाँजवळच्या एका गावी ज्याँ-क्लोद मास याने १९९१ साली स्थापन केलेली पोली इम्प्लांट प्रोतेझ ही कंपनी वैद्यकीय सिलिकॉनऐवजी स्वस्त औद्योगिक सिलिकॉन वापरीत होती. मार्च २०१० मध्ये ते उघडकीस आले आणि विक्री बंद झाली. तोपर्यंत या पिशव्या जगातील तीन लाखांहून अधिक स्त्रियांच्या शरीरात पोहोचल्या होत्या. २०१३ साली मासला चार वर्षांची शिक्षा झाली. परंतु कंपनी त्यापूर्वीच बुडाली होती. बुडालेल्या कंपनीकडून दुरुस्ती कशी करून घेणार?

फ्रेंच सरकारने डिसेंबर २०११ मध्ये सुमारे तीस हजार स्त्रियांना इम्प्लांट काढून घेण्याचा सल्ला दिला आणि काढण्याचा खर्च उचलला. नवे बसवण्याचा खर्च मात्र कर्करोगानंतर पुनर्रचना झालेल्यांनाच मिळाला. ब्रिटनमध्ये सुमारे सत्तेचाळीस हजार स्त्रियांना या पिशव्या बसवल्या होत्या आणि त्यांतील बहुसंख्य शस्त्रक्रिया खाजगी संस्थांनी केल्या होत्या. या संस्थांनी आपल्या रुग्णांची काळजी घ्यावी, ती त्यांची नैतिक जबाबदारी आहे, असे सरकारने बजावले. काहींनी ती मानली. काहींनी नियामक यंत्रणेकडे बोट दाखवून हात झटकले. अखेर, जिची संस्था नाकारते किंवा अस्तित्वातच उरलेली नाही, तिचे इम्प्लांट इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने काढावे, पण बदलून देऊ नये, असे ठरले. शेजारच्या वेल्समध्ये सरकारने बदलूनही देण्याचे ठरवले. एकच सदोष पिशवी, एकच बेट. आणि स्त्रीचे घर सीमेच्या कोणत्या बाजूला आहे, यावर तिच्या वाट्याला काय यावे हे ठरले.

प्रामाणिक कंपन्यांच्या बाबतीत तरी चित्र समाधानकारक आहे काय? जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलरगन कंपनीने खरखरीत पृष्ठभागाची बायोसेल इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. या पृष्ठभागाशी निगडित असा एक दुर्मीळ रक्तपेशींचा कर्करोग आढळला होता. त्या वेळी जगात नोंदलेल्या ५७३ रुग्णांपैकी ४८१ जणींच्या शरीरात याच कंपनीची इम्प्लांट होती. कंपनीने बदली इम्प्लांट विनामूल्य देऊ केली. शस्त्रक्रियेचा खर्च मात्र देऊ केला नाही. वस्तू फुकट आणि ती शरीरात बसवण्याचे पैसे मात्र ज्याचे त्याने भरायचे, अशी ही हमी होती. या व्यवहारात वस्तूची किंमत हा खर्चाचा एक भाग असतो. शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, रुग्णालयातील मुक्काम आणि बुडालेली रजा हा त्याचा मोठा भाग असतो, हे कोणत्याही कुटुंबप्रमुखाला सांगावे लागत नाही.

‘मोफत दुरुस्ती’चा अर्थ

शल्यविशारद आणि खाजगी रुग्णालये जी दुरुस्तीची धोरणे ठेवतात, त्यांचा जगभरचा साचा सर्वसाधारणपणे सारखा आहे. ठरावीक मुदतीत, बहुधा वर्षभरात, दुरुस्ती करावी लागली तर शल्यविशारद आपले मानधन घेत नाही. बाकीचा खर्च रुग्णाचा. दुरुस्ती त्याच शल्यविशारदाकडून करून घ्यावी लागते. मधल्या काळात वजन बदलले किंवा गर्भधारणा झाली तर सवलत संपते. आणि दुरुस्तीची गरज आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या कामाबद्दल तक्रार आहे त्यालाच असतो.

यातील पहिली अडचण मुदतीची आहे. सूज पूर्णपणे उतरून आकार स्थिरावण्यास कित्येक महिने लागतात. म्हणून ‘सहा महिने थांबा, वर्षभर थांबा’ असा सल्ला दिला जातो आणि वैद्यकीयदृष्ट्या तो योग्यच असतो. परंतु वर्षभर थांबण्याचा सल्ला आणि वर्षभराची सवलत या दोन गोष्टी एकत्र आल्या की, सल्ला मानणाऱ्या स्त्रीची सवलत सल्ला पाळता पाळताच संपून जाते. दुसरी अडचण विश्वासाची आहे. ज्याच्या हातून काम मनासारखे झाले नाही, त्याच्याच हाती पुन्हा शरीर देण्यास मन कचरते. दुसऱ्याकडे जावे तर साराच खर्च नव्याने. तिसरी अडचण निवाड्याची आहे. न्यायाधीश आणि प्रतिवादी एकच असू नये, हे तत्त्व तलाठ्याच्या कचेरीतही पाळले जाते. शस्त्रक्रियागृहात ते का पाळले जाऊ नये?

शल्यविशारदांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. मानवी शरीर हे लाकूड किंवा दगड नव्हे. एकाच कौशल्याने घातलेला टाका एका शरीरात रेघेसारखा पुसट होतो आणि दुसऱ्या शरीरात जाडजूड व्रण मागे ठेवतो. उत्तम हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेनंतरही आवरण आकसू शकते. केवळ परिणाम अपेक्षेसारखा नाही म्हणून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. निर्णयातील चूक किंवा अपघात म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली स्पष्ट केले आहे. शिवाय प्रत्येक दुरुस्ती ही नवी शस्त्रक्रिया असते. तिला तिची भूल, तिचा व्रण आणि तिचा धोका असतो. रुग्णाने मागितली म्हणून ती करावी, असेही नाही. कधी कधी नकार हाच प्रामाणिक सल्ला असतो.

हे सर्व मान्य करूनही मूळ मुद्दा शिल्लक राहतो. परिणामाची हमी देता येत नाही, हे जर शास्त्राचे म्हणणे असेल, तर जाहिरातीत ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे छापून ती हमी सूचित का केली जाते? सणासुदीची सूट का दिली जाते? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी डॉक्टरांना जाहिरातीद्वारे रुग्ण ओढण्यास मनाई केलेली आहे, तरी शहरांतील फलक पाहणाऱ्याला हे नियम अस्तित्वात आहेत असे वाटणार नाही. विकताना दुकानदाराची भाषा आणि तक्रार आली की वैद्यकशास्त्राची भाषा, हा दुटप्पीपणा आहे. रुग्णाचा राग बहुतेक वेळा व्रणावर नसतो. तो या भाषाबदलावर असतो.

कायदा काय सांगतो?

भारतातील स्त्री या बाबतीत अगदीच निराधार नाही. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या प्रकरणात १९९५ सालीच दिला. खऱ्या संमतीसाठी शस्त्रक्रियेचे स्वरूप, पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती रुग्णाला मिळालेली असली पाहिजे, असे २००८ सालच्या निकालात सांगितले गेले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एकतर्फी अटींच्या ‘अनुचित करारा’विरुद्ध राज्य आयोगाकडे जाण्याचा मार्ग उघडला आणि सदोष वस्तूबद्दल उत्पादकाची जबाबदारी निश्चित केली. उपचारांची कागदपत्रे मागितल्यापासून बहात्तर तासांत रुग्णाला दिली पाहिजेत, असा वैद्यक परिषदेचा नियम आहे.

परंतु या कवचाला दोन मोठी छिद्रे आहेत. पहिले पैशाचे. विम्याच्या प्रमाणित अपवादांत सौंदर्यशस्त्रक्रियेचा समावेश आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना तेवढी त्यातून सुटते. वस्तू व सेवा करातून आरोग्यसेवेला असलेली सूटही सौंदर्यशस्त्रक्रियेला मिळत नाही. म्हणजे सरकार कर घेताना या व्यवहाराला व्यापार समजते. व्यापार समजून कर घ्यायचा असेल, तर व्यापारातील गिऱ्हाइकाला मिळणारे संरक्षणही तितक्याच तत्परतेने द्यायला हवे.

दुसरे छिद्र काळाचे. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. सबळ कारण असेल तर विलंब माफ होतो. पण सबळ कारण कोणते, हे ठरवणे सोपे नाही. १९९३ साली झालेल्या शस्त्रक्रियेत पोटात राहून गेलेली कापडाची घडी २००२ साली सापडली, अशा एका परिचारिकेचे प्रकरण २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. अपाय उघडकीस आल्यापासून मुदत मोजता येते, हे तत्त्व न्यायालयाने विचारात घेतले. तरीही इतकी वर्षे दुखत असताना तिने त्या डॉक्टरकडे दाद का मागितली नाही, असा प्रश्न उपस्थित झाला आणि तक्रार मुदतबाह्य ठरली. पोटदुखीबद्दल गप्प राहिलेल्या परिचारिकेची ही गत झाली. मग स्तनांच्या शस्त्रक्रियेबद्दल लाजेने कोणाशीच न बोलणाऱ्या आणि आठव्या वर्षी पिशवी फाटल्याचे समजणाऱ्या स्त्रीने काय करावे?

काय करता येईल?

परदेशांत काही उपाय योजले गेले आहेत. फ्रान्समध्ये २००५ पासून खर्चाचा लेखी अंदाज आणि शस्त्रक्रिया यांत किमान पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे लागते. ब्रिटनमध्ये ब्रूस किओ समितीने २०१३ साली सवलतींच्या आमिषांवर बंदी आणि इम्प्लांटची राष्ट्रीय नोंदवही सुचवली. ती नोंदवही २०१६ मध्ये सुरू झाली. नोंदवहीचे महत्त्व भारताला एका कटू अनुभवाने पटलेले असायला हवे. एका बहुराष्ट्रीय कंपनीने २०१० साली मागे घेतलेले सदोष कृत्रिम खुबे भारतातही बसवले गेले होते. सरकारने नुकसानभरपाई ठरवली तेव्हा त्यांतील बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. भरपाई आहे, पण घेणारा सापडत नाही, अशी नामुष्की पुन्हा ओढवून घेण्याचे कारण नाही.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हाव्यात. दुरुस्तीचे धोरण शस्त्रक्रियेपूर्वी, संमतिपत्रापासून वेगळ्या कागदावर, रुग्णाच्या भाषेत लिहून द्यावे. महाराष्ट्रात ही भाषा बहुतेकींसाठी मराठी आहे, इंग्रजी नव्हे. त्या कागदावर कोणता बिघाड दुरुस्तीस पात्र, किती मुदतीत, मानधन, भूल, शस्त्रक्रियागृह आणि इम्प्लांट यांपैकी कोणता खर्च कोणाचा, हे आकड्यांनिशी असावे. थांबण्याचा सल्ला दिलेला काळ सवलतीच्या मुदतीत मोजू नये. मतभेद झाल्यास संबंध नसलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतले जावे. दुरुस्तीच्या बदल्यात तक्रार न करण्याचे किंवा गप्प राहण्याचे वचन लिहून घेण्यास मनाई असावी. इम्प्लांटचा क्रमांक असलेले कार्ड प्रत्येकीच्या हाती पडावे. यांतील एकाही गोष्टीला फार मोठा खर्च येत नाही. प्रामाणिक शल्यविशारदांना त्यांत गमावण्यासारखे काही नाही. उलट आज जे पाच मिनिटांत सांगून मोकळे होत नाहीत, त्यांना उद्याच्या अवास्तव अपेक्षांपासून हा कागदच वाचवील.

कायद्याने न सुटणारा एक भाग मात्र समाजाकडे राहतो. असमाधानी स्त्रीला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कशाला गेली होतीस?’ हाच. घरातून, मैत्रिणींतून आणि कधी कधी दुसऱ्या डॉक्टरच्या तोंडूनही तो येतो. या प्रश्नामुळे ती गप्प बसते. गप्प बसल्यामुळे तिची मुदत टळते, कागद हरवतात, तक्रार नोंदली जात नाही. आणि तक्रारीच नाहीत म्हणून सारे काही ठीक चालले आहे, असा निष्कर्ष काढला जातो. सदोष धोरणांना इतका भक्कम आधार दुसऱ्या कशाचाही नाही. शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही, यावर मतभेद असू शकतील. ती करून घेतलेल्या स्त्रीला, केवळ ती करून घेतली म्हणून, न्याय मागण्याचा हक्क उरत नाही, असे म्हणणाऱ्यांशी मात्र मतभेद नव्हे, विरोधच असला पाहिजे.